डेंग्यूतून सावरणाऱ्या रुग्णांचे रक्त पाठवण्यापूर्वी

जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये रात्रभर राहिलेले रक्त आमची प्रयोगशाळा जीन एक्स्प्रेशनसाठी, म्हणजे कोणते जनुक किती सक्रिय आहे हे आरएनएवरून मोजण्यासाठी, घेत नाही. त्यावर हमखास विचारले जाते, "पण आरएनए निघतो ना?" निघतो. पुष्कळदा आरआयएन (आरएनए किती अखंड आहे याचा 1 ते 10 मधला गुण) 7 च्या वरही येतो. पण त्या ट्यूबमध्ये पांढऱ्या पेशी जिवंतच असतात आणि एफओएस, जेयूएन, सीएक्ससीएल८ ही जनुके काही तासांत वर चढतात. मग अहवालात दिसणारा दाह रुग्णाचा की ट्यूबमधला, हे कुणालाच सांगता येत नाही. तेच रक्त थेट फ्रीझरमध्ये टाकले तर पेशी फुटतात आणि आरएनएचे तुकडे होतात. हिरव्या झाकणाची हेपॅरिन ट्यूबही नको. हेपॅरिन पीसीआर, म्हणजे जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडवते.

यासाठी पॅक्सजीन ट्यूब वापरा; तिच्यातले द्रावण आरएनए आहे तसा टिकवते. ती सगळ्यात शेवटी भरा. बटरफ्लाय सुई असेल तर आधी दुसरी ट्यूब लावा, नाहीतर नळीतली हवा आत जाऊन रक्त कमी भरते. रक्त 2.5 मिली हवे. भरताच 8 ते 10 वेळा हलकेच उलटीसुलटी करा; सर्वाधिक नमुने याच पायरीला बिघडतात. न मिसळलेल्या रक्ताला ट्यूबमधल्या द्रावणाचा उपयोग नाही. मग 18 ते 25 अंशांत किमान 2 तास, फार तर 3 दिवस. दुपारी तापणारी खोली त्यात बसत नाही. पुढे ठेवायचे असल्यास तारेच्या स्टँडमध्ये उभ्या ट्यूब उणे 20 ला 24 तास, नंतर उणे 70 ला. थर्माकोलच्या रॅकमध्ये ट्यूब तडकतात.

लेबलवर "दुसरा नमुना" एवढेच नको, तापाचा कितवा दिवस ते लिहा. सुरुवातीला आयएसजी१५, आरएसएडी२ अशी इंटरफेरॉनची (विषाणूविरोधी इशारा देणाऱ्या प्रथिनाची) जनुके खूप वर असतात. ताप उतरण्याच्या सुमारास ती घसरतात आणि प्लाझ्माब्लास्ट (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) वाढल्याने अँटिबॉडीची जनुके उसळतात. दोन दिवसांच्या फरकाने चित्र पालटते. त्याच दिवसाचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), डिफरन्शियलसह, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार प्रमाणासह, जोडाच. जनुक खरेच शांत झाले की ते बाळगणाऱ्या पेशीच कमी झाल्या, हे त्याशिवाय ठरत नाही.

एका रुग्णाचे सगळे नमुने येईपर्यंत आम्ही थांबतो, त्याबद्दल तक्रार येते. वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या आरएनएमधला फरक बरे होण्याचा फरक म्हणून मिरवतो, म्हणून सगळे एकाच बॅचमध्ये करतो. सीक्वेन्सिंगच्या (आरएनएचा क्रम वाचण्याच्या) दरात ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनचा आरएनए, आधी काढून टाकणे धरलेले आहे. एरवी निम्म्याहून अधिक रीड्स (वाचलेले तुकडे) हिमोग्लोबिनवरच खर्च होऊ शकतात.

ट्यूब, लेबल आणि तापाच्या दिवसाचा तक्ता असा संच आमच्याकडे मिळतो. पावसाळ्यात मागणी वाढते, तेव्हा जूनपूर्वी कळवा. जुन्या ट्यूब शिल्लक असतील तर त्यांची मुदत आधी पाहा.