नादारी आणि व्यापारी भाडेपट्टा

नादारी आणि व्यापारी भाडेपट्टा : भाड्याच्या जागेत व्यवसाय करणारी कंपनी देणी भागविण्यास असमर्थ ठरल्यावर जागामालक, भाडेकरू कंपनी आणि इतर धनको यांच्या हक्कांचे काय होते, याविषयीच्या भारतीय कायद्याचा विचार या नोंदीत केला आहे. भाडेपट्टा, लिव्ह अँड लायसन्स, डिपॉझिट, लॉक-इन या संज्ञा परिचित असल्याने त्यांचे वेगळे विवेचन येथे केलेले नाही.

‘नादार’ हा शब्द फार्सी असून ‘जवळ काही नसलेला’ असा त्याचा अर्थ आहे. शाळेतील फीमाफीला ‘नादारी’ म्हणत, त्यातही हाच अर्थ आहे. ‘दिवाळे’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मात्र निश्चित सांगता येत नाही. बुडालेला सावकार दिवसाढवळ्या पेढीवर दिवा लावून आपली स्थिती जाहीर करी, त्यावरून हा शब्द आला असे परंपरेने सांगतात. ही कथा मागाहून जोडलेली असण्याचा संभव नाकारता येत नाही. कायद्याच्या भाषेत या दोन शब्दांत फरक आहे. देणे भागविता न येण्याची स्थिती म्हणजे नादारी आणि न्यायालयाने त्या स्थितीवर केलेले शिक्कामोर्तब म्हणजे दिवाळखोरी.

पूर्वीच्या व्यवस्थेत जागामालकाची बाजू तुलनेने बळकट होती. आजारी उद्योगांसाठीच्या १९८५ च्या कायद्याने धनकोंच्या वसुलीला स्थगिती दिली होती. परंतु जागा खाली करून घेण्याच्या दाव्याला ती लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने श्री चामुंडी मोपेड्स प्रकरणात (१९९२) ठरविले. जळगावच्या खानदेश स्पिनिंग अँड विव्हिंग मिल्सच्या समापनातून (कंपनी मोडीत काढण्याच्या कार्यवाहीतून) उद्‌भवलेल्या मुंबईतील जागेच्या वादातही (१९९२), समापनाच्या कामासाठी ज्या जागेची गरज नाही ती शासकीय समापकाने अडवून ठेवू नये, असाच न्यायालयाचा कल होता.

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ मधील कंपन्यांविषयीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१६ पासून अमलात आल्या आणि हे चित्र उलटले. कलम १४(१)(ड) नुसार, राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की ऋणको कंपनीच्या वहिवाटीतील वा ताब्यातील मालमत्ता मालकाला किंवा पट्टा देणाऱ्याला परत घेता येत नाही. ही स्थगिती निराकरण योजना (कंपनी सावरण्याची योजना) मंजूर होईपर्यंत किंवा समापनाचा आदेश होईपर्यंत चालते. या निराकरण प्रक्रियेची मुदत १८० दिवस असून ती ९० दिवसांनी वाढविता येते. २०१९ च्या दुरुस्तीने न्यायालयीन वेळ धरून ३३० दिवसांची मर्यादा घातली. ती व्यवहारात अनेकदा ओलांडली जाते. दुकान, गोदाम किंवा कारखाना हातचा गेला तर कंपनी चालती ठेवून विकणे अशक्य होते, हे या तरतुदीमागील कारण आहे आणि ते रास्तही आहे. मात्र त्याची किंमत प्रथम जागामालक मोजतो, हे नोंदविणे भाग आहे.

भाडे हे कोणत्या प्रकारचे देणे? या प्रश्नावर राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणात सुमारे अडीच वर्षे मतभेद होता. संहितेत धनकोंचे वित्तीय (बँकांसारखे कर्ज देणारे) आणि व्यवहारी असे दोन मुख्य वर्ग आहेत. व्यवहारी देणे ‘माल किंवा सेवा पुरविल्याबद्दलचे’ असावे लागते. भाड्याचा उल्लेख व्याख्येत नाही. संहितेचा पाया घालणाऱ्या टी. के. विश्वनाथन समितीने नोव्हेंबर २०१५ च्या अहवालात, तीन वर्षांच्या पट्ट्यावर दरमहा भाडे घेणारा जागामालक हे व्यवहारी धनकोचे उदाहरण म्हणून दिले होते. तरीही एम. रवींद्रनाथ रेड्डी प्रकरणात (जानेवारी २०२०) अपील न्यायाधिकरणाने भाडे व्यवहारी देण्यात बसत नाही असे म्हटले. समितीने सुचविले, पण संसदेने ते व्याख्येत घेतले नाही, असा त्यामागील तर्क होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नाफेडच्या शीतगृहाविषयीच्या अनुप सुशील दुबे प्रकरणात नेमका उलटा निर्णय झाला. व्यवसायासाठी इमारत भाड्याने देणे ही वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार सेवाच आहे, या मुद्द्याचा तेथे आधार घेतला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रमिला तनेजा प्रकरणात न्यायाधिकरण पुन्हा पहिल्या मताकडे वळले. अखेर जयपूर ट्रेड एक्स्पोसेंटर प्रकरणात ५ जुलै २०२२ रोजी पाच सदस्यांच्या पीठाने, व्यवसायासाठी जागा वापरण्याचे परवाना-शुल्क हे व्यवहारी देणे आहे, असे ठरविले आणि विरुद्ध मताचे आधीचे निर्णय चुकीचे मानले.

त्या प्रकरणात प्रश्न परवान्याचा होता, पट्ट्याचा नव्हता, असा आक्षेप काही जण घेतात. तो अगदीच निराधार नाही, कारण पट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो, परवान्याने होत नाही. तथापि समितीचे उदाहरण मुळात पट्ट्याचेच होते; त्यामुळे पाच सदस्यांच्या पीठाचे मत अधिक ग्राह्य वाटते. सरकारी प्राधिकरणांच्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांबाबत, नोएडा प्राधिकरण हे वित्तीय नव्हे तर व्यवहारी धनको आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये म्हटले. त्या पट्ट्यांत मालकीची जोखीम आणि लाभ जवळजवळ पूर्णपणे पट्टेदाराकडे जात नव्हते, हे कारण दिले गेले.

हा वर्ग ठरल्याने जागामालकाच्या पदरात काय पडते, हे एका कल्पित उदाहरणातून पाहता येईल. गाळ्याचे भाडे महिना २ लाख रुपये, थकबाकी आठ महिन्यांची म्हणजे १६ लाख. अर्जासाठीची किमान थकबाकी २४ मार्च २०२० रोजी १ लाखावरून १ कोटी केली गेल्याने या मालकाला स्वतः अर्ज करता येत नाही. पुढे एखाद्या बँकेच्या अर्जावर प्रक्रिया सुरू होते आणि मराठी दैनिकात ‘नमुना अ’ मधील जाहीर सूचना येते. ती पाहून मालकाने करार, बिले आणि बँक-उतारे जोडून ‘नमुना ब’ मध्ये १६ लाखांचा दावा द्यायचा असतो. धनकोंच्या समितीत मत फक्त वित्तीय धनकोंना असते; व्यवहारी धनकोंची एकत्रित येणी एकूण कर्जाच्या निदान १० टक्के असतील तरच त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीत, तेही मताविना, बसता येते. समापन झाले तर कलम ५३ च्या उतरंडीत ही जुनी थकबाकी कामगार, तारणधारक, कर्मचारी, विनातारण वित्तीय धनको आणि सरकार यांच्या नंतर येते. तेथवर बहुधा काही उरत नाही.

प्रक्रिया सुरू झाल्यानंतरच्या भाड्याची गोष्ट निराळी आहे. कलम १४(१)(ड) मुळे ज्यांच्या हक्काला बाध येतो त्यांची देय रक्कम विनियम ३१ नुसार प्रक्रियेचा खर्च मानली जाते आणि तो खर्च सर्वांआधी भागवावा लागतो. म्हणजे त्याच गाळ्याचे, त्याच भाडेकरूकडचे भाडे आदेशाच्या तारखेपूर्वीचे असेल तर रांगेच्या शेवटी आणि नंतरचे असेल तर अग्रभागी. जागामालकांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

डिपॉझिट थकबाकीत वळते करता येते का? भारती एअरटेल प्रकरणात (३ जानेवारी २०२४) सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेदरम्यान वळती सर्वसाधारणपणे नाकारली. प्रक्रियेपूर्वीच अमलात आलेली करारातील वळती आणि एकाच व्यवहारात गुंतलेली येणी-देणी हे अपवाद ठेवले. डिपॉझिटचे कलम मोघम असल्यास वाद उद्‌भवतो.

मुंबईतील दोन प्रकरणे जोडीने वाचण्यासारखी आहेत. मरोळ येथील सेव्हनहिल्स रुग्णालय महापालिकेच्या भूखंडावर उभे आहे; ते चालविणारी कंपनी नादारीत गेली. महापालिका अधिनियमाच्या कलम ९२ व ९२अ नुसार पूर्वमंजुरी नसताना या मालमत्तेवर परिणाम करणारी योजना महापालिकेवर लादता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरविले. फेब्रुवारी २०२० मध्ये गोरेगावच्या पत्रा चाळीच्या, म्हणजे ६७२ भाडेकरूंच्या सिद्धार्थनगरच्या पुनर्विकासाबाबत मात्र म्हाडाला स्थगिती मानावी लागली. ‘वहिवाट’ म्हणजे प्रत्यक्ष ताबा, कागदोपत्री हक्क नव्हे. नादारीत गेलेल्या विकासकाची जमिनीवर अशी प्रत्यक्ष वहिवाट असल्याने म्हाडाला जमीन परत घेता आली नाही. वरवर विसंगत वाटणाऱ्या या निर्णयांत फरक बहुधा काळाचा आहे : स्थगिती मर्यादित असते, योजना मालमत्तेची कायमची व्यवस्था लावते.

समापनात, जाचक अटींची जमीन समापकाला सहा महिन्यांत अर्ज करून सोडून देता येते. जागा देणारी कंपनीच नादार झाली तर काय, याविषयी निवाडे थोडे आहेत. परीक्षाकेंद्रासाठी जागा पुरविणाऱ्या एस. के. व्हील्सशी केलेला करार टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सेवेतील त्रुटींमुळे संपविला. करार संपविण्याचे कारण नादारी नसल्याने न्यायाधिकरणाने त्यात हस्तक्षेप करू नये, असे सर्वोच्च न्यायालय नोव्हेंबर २०२१ मध्ये म्हणाले.

विमाने भाड्याने देणाऱ्यांना केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने या स्थगितीतून सूट दिली; इमारतींना तशी सूट नाही. एकमालकी दुकाने आणि भागीदारी पेढ्या संहितेच्या कंपनीविषयक भागाबाहेर आहेत. व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला. बाजारपेठेतील साध्या दुकानदाराची नादारी मुंबईत १९०९ च्या आणि राज्यात अन्यत्र १९२० च्या नादारी कायद्याखाली येते.