कंडोमपासून वंगणापर्यंत: गुदसंभोगातील सुरक्षिततेचा सल्ला कसा घडला

गुदाशयाच्या आतील अस्तर हे पेशींच्या एकाच पातळ थराचे असते आणि संभोगाच्या वेळी तेथे योनीसारखा ओलावा आपोआप येत नाही, त्यामुळे घर्षणाने डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडून संसर्गाला वाट मिळते. जोडीदार एचआयव्हीबाधित असेल आणि कंडोम किंवा औषधे यांपैकी कशाचाच वापर नसेल, तर गुदसंभोग स्वीकारणाऱ्या व्यक्तीला दर १०,००० संबंधांमागे सुमारे १३८ वेळा लागण होते, असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. योनिसंभोगात स्त्रीसाठी हाच आकडा ८ आहे.

या धोक्यावरचा सुरुवातीचा एक व्यवहार्य सल्ला एड्सच्या रुग्णांकडूनच आला. १९८३ मध्ये, एड्सच्या विषाणूवर शिक्कामोर्तब होण्याआधीच, न्यूयॉर्कमधील मायकेल कॅलन आणि रिचर्ड बर्कोविट्झ यांनी डॉ. जोसेफ सोनाबेंड यांच्या मार्गदर्शनाखाली एक पुस्तिका काढली आणि संबंध टाळा असे न सांगता कंडोम वापरा असे सांगितले. आजाराच्या कारणाविषयीचा त्यांचा तर्क पुढे चुकीचा ठरला, सल्ला मात्र टिकला.

तो अपुरा होता, हे हळूहळू कळले. खनिज तेल लागताच अवघ्या ६० सेकंदांत लॅटेक्सच्या कंडोमची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटते, असे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. घरात सहज सापडणारे व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल म्हणूनच कंडोमसोबत चालत नाही. पाण्याचे किंवा सिलिकॉनचे वंगण लागते. त्याहून मोठी चूक नॉनॉक्सिनॉल-९ या शुक्राणुनाशकाची. ते एचआयव्हीलाही मारते, या समजुतीने अनेक वर्षे कंडोमवर लावले गेले. प्रत्यक्षात त्याने गुदाशयाचे अस्तरच सोलवटते, हे २००० च्या सुमारास स्पष्ट झाले.

भारतात अडथळा कायद्याचा होता. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात कंडोम देण्यास नकार मिळाल्यावर ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने ‘अनैसर्गिक’ संभोगाला गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्याच वर्षी मुंबईत समलिंगी पुरुषांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट सुरू झाला. २००१ मध्ये मात्र लखनौत एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच याच कलमाखाली अटक झाली. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमातून वगळले.

गुदसंभोगासाठी म्हणून एखाद्या कंडोमला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली ती थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये. इतका उशीर अक्षम्यच म्हणावा लागेल. दरम्यान, २०१० च्या औषध-चाचणीनंतर एचआयव्ही प्रतिबंधक गोळी आली. सल्लाही विस्तारला: भरपूर वंगण घ्यावे, घाई करू नये, दुखल्यास थांबावे, वेदनेची सूचना दडपणारे बधिर करणारे मलम टाळावे, गुदमार्गानंतर योनिमार्गात जाण्यापूर्वी कंडोम बदलावा आणि कंडोम फाटल्यास ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, प्रतिबंधक औषधांसाठी डॉक्टरांकडे जावे.