संवेदनशील मुलाच्या घरी रंगकाम कधी आणि कसे करावे

नागपुरात घराला रंग द्यायचा तो दसरा-दिवाळीच्या आधी, असा बहुतेक घरांचा रिवाज आहे. पेंटर मिळेपर्यंत निम्मा ऑक्टोबर सरतो, शेवटचा हात दिवाळीच्या तोंडावर मारला जातो आणि पाठोपाठ थंडी पडू लागल्याने रात्री खिडक्या बंद होतात. ज्या घरात दम्याचे मूल आहे, किंवा रसायनाच्या वासाने ज्याला लगेच खोकला, डोकेदुखी व मळमळ सुरू होते असे मूल आहे, त्या घराने हा रिवाज मोडावा आणि रंगकाम उन्हाळ्याच्या सुट्टीत करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण रंग वाळतो कसा, यात आहे.

ऑइल पेंटमध्ये रंगद्रव्य आणि राळ ही मिनरल टर्पेंटाइनसारख्या द्रावकात मिसळलेली असतात. ब्रश फिरला की हे द्रावक उडून हवेत जाते. एक लिटर ऑइल पेंटमध्ये ३०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक द्रावक असू शकते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. दारे-खिडक्यांना लावलेल्या एका लिटरमधले सगळे द्रावक त्या बंद खोलीत साठले, तर घनमीटरमागे जवळजवळ ९,००० मिलिग्रॅम वाफ होईल. जर्मनीच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या श्रेणींनुसार घरातल्या हवेत अशा सेंद्रिय वाफांचे एकूण प्रमाण घनमीटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या आत असेल तर चिंता नाही आणि १० मिलिग्रॅमच्या पुढे गेले तर ती हवा राहण्यास योग्य नाही. प्रत्यक्षात हवा खेळत असल्याने ९,००० चा आकडा गाठला जात नाही, पण किती वाफ बाहेर काढायची आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

यातला मोठा भाग पहिल्या काही दिवसांत निघून जातो. पुढे जे मागे राहते ते अधिक चिवट असते. ऑइल पेंटची राळ हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत हेक्झानलसारखी उग्र वासाची ॲल्डिहाइडे कित्येक दिवस बाहेर पडत राहतात. पाण्यातले इमल्शन रंग त्या मानाने बरेच सौम्य असतात, परंतु त्यांचा थर सलग बसावा म्हणून काही रंगांत घातलेले साहाय्यक द्रव्य २५० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळणारे असते, आणि ते भिंतीतून आठवडेच्या आठवडे हळूहळू सुटत राहते. युरोपीय नियमांत २५० अंशांपर्यंत उकळणाऱ्या द्रव्यांचीच बाष्पनशील म्हणून गणना होते, त्यामुळे डब्यावर ‘शून्य व्हीओसी’ (म्हणजे उडून जाणारी सेंद्रिय द्रव्ये शून्य) लिहिलेले असूनही असे द्रव्य आत असू शकते. ‘कमी वासाचा’ हे शब्द तर त्याहून कमी भरवशाचे, कारण काही रंगांत वास झाकण्यासाठी सुगंधच घातलेला असतो.

लहान मूल शरीराच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा बरीच अधिक हवा श्वासावाटे आत घेते, आणि त्याच्या श्वासनलिका अरुंद असल्याने थोडी सूज आली तरी धाप लागते. दम्याच्या मुलाला रंगाच्या वाफांनी त्रास होऊ शकतो, याबद्दल वाद नाही. अनेक रसायनांच्या अगदी अल्प प्रमाणानेही त्रास होणाऱ्या व्यक्तींबाबत मात्र वैद्यकात एकमत नाही. अमेरिकेतील डॉक्टर थेरॉन रँडॉल्फ यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना मांडली, आणि तेव्हापासून तिच्या कारणाविषयी मतभेद आहेत. तो वाद मिटेपर्यंत मुलाने थांबण्याचे कारण नाही. त्याचे डोके दुखते आहे हे खरे असते, आणि ‘नाटक करतो’ म्हणून त्याला त्याच खोलीत झोपवणे चुकीचे आहे.

उन्हाळ्याचा फायदा येथे होतो. तापमान दहा-पंधरा अंशांनी वाढले की अशा द्रव्यांचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोर, जवळजवळ दुप्पट होतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रिकामे, तापलेले घर चिवट द्रव्येही वेगाने बाहेर टाकते. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. मूल मेच्या सुरुवातीला आजोळी गेले आणि त्याच आठवड्यात काम सुरू झाले, तर घराला सुकायला महिनाभर सहज मिळतो.

मात्र नुसत्या उष्णतेने काम भागत नाही. सुटलेली वाफ घराबाहेर गेली पाहिजे. छताचा पंखा तीच हवा फिरवतो आणि एसीही बहुतांशी आतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. आपला खिडकीतला कूलर मात्र बाहेरची हवा जोराने आत ढकलतो. तो पंप बंद ठेवून, कोरड्या ताट्यांवर, नुसता पंखा म्हणून चालवावा आणि समोरची खिडकी सताड उघडी ठेवावी. मग खोलीतली हवा तासाभरात कितीतरी वेळा बदलते. पाणी सोडले तर दमट हवेने इमल्शन वाळायला उशीर लागतो. काम सुरू होण्यापूर्वी मुलाची गादी, पडदे आणि कापडी खेळणी दुसऱ्याच घरी हलवावीत, कारण या वस्तू वाफ शोषून घेतात आणि नंतर महिनाभर परत सोडतात.

महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत धोका आणखी एका बाजूने येतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. असा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ उडून फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून पोटात जाते. म्हणून घासाई पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरनेच करावी आणि फरशी ओल्या फडक्याने अनेकदा पुसावी. हे पेंटरसाठीही आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसाय कर्करोगकारक गटात ठेवला आहे.

मुलाच्या खोलीपुरता माझा कौल पांढऱ्या चुन्याला आहे. चुन्यात उडून जाणारे द्रावक नसते. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. ओला असताना तो डोळ्यांना आणि कातडीला मात्र भाजतो. इमल्शनच हवे असेल, तर फिक्या छटेचे घ्यावे, कारण गडद छटेसाठी मिसळलेल्या रंजकांतूनही वाफा वाढतात. साधा एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही.

मुलाला परत आणताना आधी दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून, दोन-तीन तास घरात राहू द्यावे. दम्याच्या मुलाचे पीक फ्लो मीटरचे (फुंकर किती जोराची आहे हे मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे घरी येण्यापूर्वी आणि नंतर लिहून ठेवावेत. आकडा घसरला किंवा खोकला सुरू झाला, तर आणखी आठवडाभर थांबावे. सगळे ठीक असेल तरच रात्री तिथे झोपवावे. डॉक्टरांनी सांगितलेला इनहेलर हाताशी असावा. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मुलाला एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, तर क्षणाचाही वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.