लुसियाना आयमार

(जन्म : १० ऑगस्ट १९७७). अर्जेंटिनाची हॉकीपटू. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा वर्षातील सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा किताब तिने २००१ ते २०१३ या काळात तब्बल आठ वेळा मिळवला. महिला हॉकीतील सर्वांत थोर खेळाडू म्हणून बहुतेक जाणकार तिचेच नाव घेतात, आणि ते योग्यच आहे.

जन्म रोसारिओ शहरातला. राष्ट्रीय संघात ती १९९८ मध्ये आली. पुढच्याच वर्षी विनिपेगला पॅन अमेरिकन स्पर्धेचे सुवर्ण मिळाले. पण तिच्या पिढीची खरी ओळख झाली ती २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये. साखळीतले दोन पराभव पुढे मोजले गेल्याने अर्जेंटिनाला दुसऱ्या फेरीची सुरुवात शून्य गुणांवरून करावी लागली. नेदरलँड्सविरुद्धच्या सामन्यात या मुली छातीवर सिंहिणीचे चित्र असलेली जर्सी घालून उतरल्या, ३-१ ने जिंकल्या आणि थेट अंतिम फेरीपर्यंत धडकल्या. तिथे ऑस्ट्रेलियाने त्यांना हरवले. ‘लास लिओनास’ म्हणजे सिंहिणी, हे नाव मात्र संघाला तेव्हापासून कायमचे चिकटले.

आयमारचे बलस्थान म्हणजे ड्रिब्लिंग, म्हणजे स्टिकने चेंडू घोळवत पुढे नेणे. हॉकीत स्टिकच्या सपाट बाजूनेच चेंडू खेळायचा असतो. मागची गोलाकार बाजू लागली की फाउल. त्यामुळे डावीकडे नेलेला चेंडू परत उजवीकडे ओढताना स्टिक उलटी करावी लागते. हे काम वरच्या डाव्या हाताचे. खालच्या उजव्या हाताच्या सैल मुठीत स्टिक नुसती फिरते. या कसबाला जगभर ‘इंडियन ड्रिबल’ म्हणतात. आयमार ते पूर्ण वेगात धावताना करी. बचावपटूचे वजन एका पायावर गेले की चेंडू दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असे.

२००२ मध्ये पर्थला अर्जेंटिनाने पहिला विश्वचषक जिंकला. दुसरा २०१० मध्ये आला, तोही रोसारिओत, तिच्या स्वतःच्या गावात. अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ३-१ असा पराभव झाला. या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू आयमारच ठरली. (भारतीय वाचकांनी हेही लक्षात ठेवावे, की रोसारिओच्या याच स्पर्धेत सर्वोत्कृष्ट युवा खेळाडूचा मान पंधरा वर्षांच्या राणी रामपालने मिळवला होता.) याशिवाय सहा चॅम्पियन्स ट्रॉफी तिच्या नावावर आहेत.

ऑलिंपिक सुवर्णाने मात्र कायम हुलकावणी दिली. अथेन्स आणि बीजिंगला कांस्य मिळाले. लंडनच्या २०१२ च्या उद्घाटन सोहळ्यात देशाचा ध्वज तिच्या हाती होता, पण अंतिम सामना नेदरलँड्सने २-० ने जिंकला. चार ऑलिंपिक, चार पदके, त्यांत सुवर्ण एकही नाही. या खेळात याहून हळहळ वाटावी अशी दुसरी गोष्ट क्वचितच असेल.

३७६ आंतरराष्ट्रीय सामन्यांनंतर, डिसेंबर २०१४ मध्ये ती मेंदोसा येथे चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना खेळून निवृत्त झाली. समोर ऑस्ट्रेलिया होती, सिडनीतल्या अंतिम सामन्यासारखीच. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये अर्जेंटिना जिंकली.