खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली. उच्च न्यायालयात अपील कसं करायचं?

निकाल लागला की पोलीस कोर्टातूनच माणसाला तुरुंगात नेतात. घरचे पायरीवर उभे. वकील सांगतात, "हायकोर्टात बघू." त्या 'बघू'मध्येच मुदत निघून जाते.

सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली की उच्च न्यायालयात अपील हा आरोपीचा हक्क आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. हा हक्क आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३७४ मध्ये होता. जन्मठेपेविरुद्ध मुदत ६० दिवस, फाशीविरुद्ध ३०. फाशीच्या प्रकरणात सत्र न्यायालयाला स्वतःहून कागदपत्रं उच्च न्यायालयाकडे पाठवावी लागतात. तिथे शिक्कामोर्तब झाल्याशिवाय फाशी देता येत नाही. तरीही आरोपीने स्वतःचं अपील करावंच.

अपील कुठे? विदर्भातल्या निकालाचं नागपूरला. मराठवाडा, अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार यांचं छत्रपती संभाजीनगरला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय. गोव्याचं पर्वरीला, बाकीच्यांचं मुंबईत.

पहिला कागद म्हणजे निकालाची सही-शिक्क्याची प्रत. कैदेची शिक्षा झालेल्याला ती लगेच आणि फुकट मिळायला हवी. मिळाली का, हे तुरुंगातल्या पहिल्याच भेटीत विचारा. हे बारीकसारीक वाटतं, पण १९७८ च्या 'हॉसकॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात नेमकं हेच घडलं होतं. उच्च न्यायालयाचा निकाल १९७३ चा, आणि कैदी म्हणत होता की प्रत हातात पडली १९७८ मध्ये. तुरुंगाचं म्हणणं, दिली होती, पण दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. पोच म्हणून कैद्याची सही कुठेच नव्हती. प्रत वेळेत द्या, सहीनिशी पोच घ्या आणि गरज असेल तर वकीलही द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा बजावलं.

प्रतीसोबत अपिलाचा अर्ज आणि वकीलपत्र लागतं. कैदी आत असल्याने वकीलपत्रावरची सही तुरुंग अधिकाऱ्यासमोर होते, वर तुरुंगाचा शिक्का. यात चार-आठ दिवस सहज जातात, तेव्हा कोरं वकीलपत्र लवकर पाठवा. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. तरी उशीर झालाच, तर कारणांसह विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं. फिर्याद, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, साक्षीदारांच्या जबान्या यांच्या नकला खालच्या कोर्टाच्या नक्कल विभागातून काढून ठेवा. मूळ रेकॉर्ड उच्च न्यायालय नंतर मागवतंच.

पैसे नसतील तर? कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तुरुंग अधीक्षकाकडे अर्ज दिला तरी ते अपील उच्च न्यायालयाकडे पाठवतात. याला जेल अपील म्हणतात. ते कमी दर्जाचं असतं हा बराकीतला समज चुकीचा आहे.

अपिलाबरोबरच शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज द्यायचा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३०. जन्मठेपेत सत्र न्यायालयाला हा जामीन देता येत नाही. उच्च न्यायालयही सरकारी वकिलाला लेखी विरोधाची संधी दिल्यावरच देतं. खटला चालू असताना जामिनावर होता आणि अटी मोडल्या नाहीत, हे अर्जात जरूर लिहा.

सुनावणी दोन न्यायमूर्तींपुढे होते. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत, आहे तोच पुरावा नव्याने तपासला जातो. "घरी म्हातारी आई आहे, शिक्षा कमी करा," ही विनवणी इथे चालत नाही, कारण खुनाला जन्मठेपेपेक्षा कमी शिक्षाच नाही. अचानक भांडण झालं, आधीचा बेत नव्हता, असं दाखवून गुन्हा सदोष मनुष्यवधात बसवता आला तरच वर्षं कमी होतात. आणि एक भीती काढून टाका: फक्त आरोपीचं अपील असेल तर त्यात शिक्षा वाढवता येत नाही.

कागद किती महत्त्वाचा, ते पाहा. नाशिकच्या एका खून खटल्यात २००६ मध्ये भटक्या समाजातल्या सहा माणसांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडलं आणि सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांच्या अल्बममधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं. अशा विसंगती जबान्यांत सापडतात, म्हणून वकिलाकडे जाताना निकालपत्रावर थांबू नका, जबान्यांचा गठ्ठाही न्या.

उच्च न्यायालयातही शिक्षा कायम राहिली तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, म्हणजे अपिलाची खास परवानगी मागणारा अर्ज, मुदत ९० दिवस. अपील चालू असताना कैदी वारला तर आई-वडील, पती-पत्नी, मुलं, भावंडं ३० दिवसांत अर्ज करून ते पुढे चालवू शकतात.