पिशवी आवळली का?

बाळ रडलं की लेबर रूमच्या बाहेर फोन सुरू होतात. मुलगा की मुलगी, वजन किती, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: 'बाळ-बाळंतीण सुखरूप.' बाळाबद्दल ते बहुतेक वेळा खरं असतं. बाळंतिणीबद्दल मात्र त्या क्षणी असं काही सांगताच येत नाही, कारण तिच्या शरीरातलं फार मोठं काम तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं. कळा संपल्या, बाळ बाहेर आलं की सुटलो, हा समज शिकल्यासवरल्या घरांतही पक्का आहे. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे यामागचं शरीरविज्ञान मला विलक्षण सुंदर वाटतं.

लिहायला निमित्त झालं ते माझ्या भाचीचं. ती पुण्यात बीएस्सी नर्सिंग करते आणि यंदा तिची लेबर रूममधली पहिली पोस्टिंग लागली. पहिलं बाळंतपण बघून आली त्या संध्याकाळी ती बाळाबद्दल बोलेल असं मला वाटलं होतं. ती भलतंच सांगू लागली. "मावशी, बाळ आलं, सगळे तिकडे वळले आणि सिस्टर मला म्हणाल्या, तू इकडे ये. ताईंच्या पोटावर हात ठेव. काय लागतंय? मी म्हटलं, बेंबीच्या खाली कडक गोळा लागतोय. तर म्हणाल्या, तो कडक आहे तोवर ठीक. मऊ लागला की लगेच हाक मार." पुढचा तासभर सिस्टर येता-जाता तिला एकच विचारत होत्या: "पिशवी आवळली का?"

तो गोळा म्हणजे गर्भाशय. एरवी साठ-सत्तर ग्रॅम वजनाची ही पिशवी नऊ महिन्यांत किलोभर होते, आणि त्यातलं बहुतेक वजन स्नायूचं असतं. बाळ ढकलून बाहेर काढायला एवढा स्नायू लागतो हे आपण शाळेत शिकतो. त्याचं दुसरं काम मात्र पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. ते काम म्हणजे रक्त थांबवणं.

गोष्ट सुरू होते ती बाळंतपणाच्या कितीतरी महिने आधी. गर्भाशयाच्या भिंतीतून वळणं घेत काही धमन्या आतल्या अस्तरापर्यंत येतात. त्यांना सर्पिल धमन्या म्हणतात. इतर धमन्यांसारखा यांच्याही भिंतीत स्नायूचा थर असतो. बोट कापलं की थोड्या वेळात रक्त थांबतं, त्यात रक्ताच्या गुठळीबरोबर या थराचाही वाटा असतो, कारण कापलेली धमनी स्वतःला आवळून घेते. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात मात्र वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या, पेशी या सर्पिल धमन्यांत शिरतात आणि भिंतीतला स्नायूचा थर मोडून काढतात. धमनी सैल पडते, कित्येक पट रुंद होते. आता आई घाबरली, दमली, तिला थंडी वाजली, तरी तिच्या शरीराला ही धमनी आवळता येत नाही आणि बाळाचं रक्त तोडता येत नाही. वारेनं बाळासाठी केलेली ही तजवीज आहे. ती अर्धवट राहिली, तर पुढे प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचा आजार, होण्याची शक्यता वाढते.

आता या तजविजीची दुसरी बाजू बघा. गरोदर नसताना गर्भाशयातून मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त वाहतं, नऊ महिने भरल्यावर ५०० ते ७००. बाईच्या अंगात त्या वेळी एकूण रक्त पाच-सहा लिटर. बाळ आलं, पाठोपाठ वार सुटली, की ती जिथे चिकटली होती तिथे शंभराच्या आसपास धमन्यांची तोंडं एकदम उघडी पडतात. आणि नेमक्या याच धमन्यांना स्वतःला आवळता येत नाही, कारण आवळणारा स्नायूच उरलेला नाही. मिनिटाला ६०० मिलिलिटर धरून हिशेब केला तर दहा मिनिटांत अंगातलं सगळं रक्त संपेल. बहुतेक बायकांचं रक्त मात्र पेलाभर ते दोन पेले जाऊन थांबतं.

ते थांबवतो गर्भाशयाचा स्नायू. त्याच्या भिंतीच्या मधल्या थरात तंतू उभे, आडवे, तिरके असे एकमेकांत गुंतलेले असतात आणि धमन्यांभोवती त्यांचे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे पडलेले असतात. धमन्या या तंतूंमधल्या फटींतूनच आत येतात. स्नायू आकसला की फटी मिटतात आणि प्रत्येक धमनी भिंतीतच चिमटली जाते. धमनीनं गमावलेला स्नायू तिच्या भोवतालच्या स्नायूनं असा भरून काढलेला असतो. कुणी टाका घालत नाही, कुणी काही बांधत नाही. गुठळ्याही होतातच, गरोदरपणात रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बांधणारं प्रथिन, जवळपास दीडपट झालेलं असतं, पण वाहत्या लोंढ्यात गुठळी टिकत नाही. आधी चिमटा बसावा लागतो.

या स्नायूची आणखी एक करामत मला फार आवडते. दंडाचा स्नायू आकसतो आणि सैल सोडला की पूर्वीइतकाच लांब होतो. गर्भाशयाचा स्नायू कळ ओसरल्यावर पूर्ण लांब होत नाही, दर कळेला जरासा आखूडच राहतो. म्हणून तर बाळ कळेगणिक खाली सरकतं आणि दोन कळांच्या मध्ये परत वर जात नाही. बाळ बाहेर पडल्यावर पिशवी अशीच झपाट्यानं आखडते, वार चिकटलेली जागा लहान होते, पण वारेला काही आखडता येत नाही. त्यामुळे ती सुटते. म्हणजे वार सोडवणारी आणि रक्त थांबवणारी हालचाल एकच. वार अपुरी सुटली किंवा तिचा तुकडा आत राहिला तर पिशवी नीट आवळू शकत नाही. म्हणूनच वार पडल्यावर ती ट्रेमध्ये पसरून तिचे पंधरा-वीस खंड जुळवून बघतात. भाचीच्या हातात ग्लोव्ह्ज घालायला लावून सिस्टरांनी तिला तेही करायला लावलं. अर्धा किलोची, ताटलीएवढी वार, बाळाकडची बाजू गुळगुळीत, आईकडची खडबडीत आणि लालभडक. एकही खंड कमी नाही ना, एवढंच बघायचं.

इतका मोठा स्नायू एकदम कसा आकसतो? त्याला हुकूम देणारी मज्जातंतूंची मोठी यंत्रणा नाही. पेशीच एकमेकींना जोडलेल्या असतात. दिवस भरत येतात तसे शेजारच्या पेशींमध्ये कनेक्सिन-४३ नावाच्या प्रथिनाचे सूक्ष्म बोगदे तयार होतात आणि त्यांतून विद्युतभार पेशीपेशीत पसरतो. त्याच काळात पेशींवर ऑक्सिटोसिन या हार्मोनचे ग्राही, म्हणजे त्याला पकडणारी प्रथिनं, वाढतात. ऑक्सिटोसिन ग्राहीला चिकटलं की पेशीच्या आत साठवलेलं कॅल्शियम सुटतं, ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतं, कॅल्मोड्युलिन एका विकराला (एन्झाइमला) जागं करतं, तो विकर स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनावर फॉस्फेट चढवतो आणि मायोसिन अ‍ॅक्टिनवर ओढ घेतं, म्हणजे स्नायू आकसतो. जुळं बाळ, फार मोठं बाळ, लांबलेल्या कळा यांनी स्नायू ताणलेला किंवा थकलेला असेल तर ही साखळी ढिली पडते. पिशवी मऊ पडते आणि रक्तस्राव सुरू होतो. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची कारणं विद्यार्थिनींना 'चार टी' म्हणून शिकवतात: टोन, टिश्यू (आत राहिलेला वारेचा तुकडा), ट्रॉमा (इजा) आणि थ्रॉम्बिन (रक्त नीट न गोठणं). त्यात टोन, म्हणजे पिशवीचा सैलपणा, एकटाच सुमारे ७० टक्क्यांना जबाबदार असतो.

ऑक्सिटोसिन हे नाव आपल्याकडे दोन गोष्टींमुळे माहीत आहे. एक, म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून गोठ्यात चोरून दिलं जाणारं इंजेक्शन. दोन, 'प्रेमाचं हार्मोन'. या दुसऱ्या गोष्टीचा फार गाजावाजा झाला आहे. मिठी मारा, ऑक्सिटोसिन वाढवा, नाती सुधारा, असं सांगणारे सल्लागार रोज भेटतात. प्रेअरी व्होल हा जन्मभराची जोडी जमवणारा उंदरासारखा प्राणी. त्याच्यावरच्या प्रयोगांतून ही कल्पना फोफावली. २०२३ मध्ये त्याच व्होलमधला ऑक्सिटोसिनचा ग्राही जनुकबदल करून काढून टाकला, तरी त्यांच्या जोड्या जमल्याच. प्रेमाचं कोडं एका रेणूनं सुटत नाही. या रेणूचं भक्कम सिद्ध झालेलं काम आहे ते लेबर रूममध्ये. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कानं गर्भाशय आकसतं हे दाखवलं. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये या नऊ अमिनो आम्लांच्या रेणूची रचना उलगडून तो प्रयोगशाळेत बनवला आणि त्यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बाळ आल्यावर मिनिटभरात बाळंतिणीच्या मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन दिलं जातं, ती त्याच संशोधनाची देणगी. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये लेबर रूमचा फ्रिज बंद पडणं म्हणूनच किरकोळ तक्रार नसते. उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन ऑक्सिटोसिनच्या तोडीचं काम करतं, हे २०१८ मध्ये दहा देशांतल्या सुमारे ३० हजार बायकांवरच्या चाचणीत दिसलं. त्या देशांत भारतही होता.

आता एका समजाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'नऊ महिन्यांचं वाईट रक्त साचलेलं असतं, ते जाऊ द्यावं, अडवू नये' असं सांगणाऱ्या आज्या आणि काकू अजून घरोघरी आहेत. वाईट रक्त असं काही साचलेलं नसतं. पुढे काही आठवडे थोडं थोडं अंगावरून जातं ते अस्तराचं, आणि ते साहजिक आहे. पण बाळंतपणानंतर लगेच धारेनं जातं ते तेच रक्त, जे मेंदूला आणि हृदयाला पोचायचं असतं. या एका समजुतीपायी बायकांना दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि मग सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं म्हणून घरच्यांनी मनाची समजूत घातली. जगात दरवर्षी सुमारे ७० हजार बायका या रक्तस्रावानं जातात. त्यांच्यापैकी बहुतेकींचा मृत्यू टाळता आला असता. भारतात २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. हा फरक कपाळावरच्या रेषांनी पडलेला नाही.

रक्त किती गेलं हे डोळ्यांनी ठरवणंही फसवं असतं. चादरीत, कापसात, बादलीत विखुरलेलं रक्त अनुभवी नजरेलाही कमी वाटतं. यावर उपाय निघाला तो आपल्या शेजारी, बेळगावात. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि अमेरिकी संशोधकांच्या गटानं प्लास्टिकची एक साधी पिशवी बनवली: बाळंतिणीच्या खाली पसरायची, खालचं टोक निमुळतं, त्यावर मिलिलिटरच्या खुणा. रक्त ओघळून तिथे जमतं आणि आकडा वाचता येतो. अशाच खुणांच्या प्लास्टिकच्या पिशवीनं रक्त मोजायचं आणि गरज दिसताच मसाज, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं, अशी पद्धत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत तपासली गेली. २०२३ मध्ये निकाल आला: तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे मिळून ६० टक्क्यांनी कमी झाले.

भाचीच्या हाताखाली गर्भाशयाची पिशवी एकदा मऊ लागली. तिनं हाक मारली. सिस्टर आल्या, तळवा गोळ्यावर ठेवून गोल गोल चोळलं, आणि आधी विचारलं काय, तर "ताई, लघवी कधी केलीत?" मूत्राशय भरलेलं असलं तर ते गर्भाशयाला वर ढकलतं आणि नीट आवळू देत नाही. ते रिकामं केल्यावर गोळा पुन्हा कडक झाला. कडक असताना उगाच चोळत बसायचं नाही, मऊ लागला तरच, हेही त्यांनी तिला तिथेच सांगितलं. मग बाळ छातीशी दिलं. बाळ चोखायला लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि पिशवीला कळ येते. पहिल्या दिवसांत पाजताना पोटात दुखतं ते यामुळेच. पहिला चीक काढून टाकून तिसऱ्या दिवशी बाळाला छातीशी लावणाऱ्या घरांत बाळाचं नुकसान तर होतंच, पण बाळंतीणही या मदतीला मुकते.

पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, पिशवी आणि पॅड बघायचं असतं. नाडीवर खास लक्ष, कारण तरुण बाईचं शरीर बराच वेळ रक्तदाब सांभाळून धरतं, नाडी मात्र आधीच पळायला लागते. घरी गेल्यावरही सहा आठवड्यांपर्यंत धोका पूर्ण टळलेला नसतो. तासाभरात एक मोठं पॅड पूर्ण भिजत असेल, लिंबाएवढ्या गाठी पडत असतील, चक्कर किंवा घाम येत असेल, तर डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. फोनवर पहिल्यांदा सांगायचं ते हे: बाळंतपण कधी झालं आणि किती पॅड भिजले.