पिल्सनर उर्केल

पिल्सनर उर्केल : चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातील प्लझेन शहरात १८४२ पासून तयार होणारी सोनेरी लागर, म्हणजे थंडीत हळूहळू आंबवून मुरवलेली, बिअर. ‘उर्केल’ या जर्मन शब्दाचा अर्थ मूळ झरा. चेक लोक तिला प्राझ्द्रोय म्हणतात, अर्थ तोच. शहराचे जर्मन नाव पिल्झेन, आणि त्यावरूनच ‘पिल्सनर’ हे एका अख्ख्या बिअर-प्रकाराचे नाव झाले. आज जगभर ज्या फिकट, पारदर्शक लागर बिअरी खपतात, किंगफिशरसह, त्यांची वंशावळ मागे नेत गेले की वाट बहुधा याच गावाकडे वळते.

बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागाचा, राजा व्हाक्लाव दुसरा याने १२९५ मध्ये हे शहर वसवले आणि येथील २६० घरमालकांना बिअर बनवून विकण्याचा हक्क दिला. घरोघरी बनणाऱ्या या बिअरचा दर्जा मात्र कधीच एकसारखा नसे. १८३८ मध्ये तर ती इतकी बिघडली की छत्तीस पिंपे नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. त्यानंतर हक्कदार नागरिकांनी एकत्र येऊन सामाईक कारखाना उभारला. त्याचा आराखडा मार्टिन श्टेल्झर याने केला, आणि बिअर बनवण्यासाठी शेजारच्या बव्हेरिया या जर्मन प्रदेशातील फिल्सहोफेन गावाहून योझेफ ग्रोल या तरुणाला बोलावले. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा लावला आणि ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, ती बिअर लोकांनी चाखली. त्या काळी बिअर म्हणजे बहुधा तपकिरी आणि गढूळ पेय. ही पेल्यात सोन्यासारखी चमकत होती. ग्रोलचा करार १८४५ मध्ये संपला आणि तो गावी परतला.

या बिअरमध्ये गुपित असे काही नाही. चार साध्या गोष्टी एका ठिकाणी जुळून आल्या. पहिली, मोराव्हिया (पूर्वेकडील चेक प्रदेश) आणि बोहेमियातील जव. नाचणीचे सत्त्व करताना आपण धान्य भिजवतो, मोड आणतो आणि वाळवतो, तसेच जवाचे करतात; त्याला माल्ट म्हणतात. पूर्वी ते धुरावर भाजले जाई आणि काळपट होई. प्लझेनने इंग्लंडमधील पद्धतीची भट्टी घेतली. तिच्यात धूर दाण्याला न लागता केवळ गरम हवा लागते, म्हणून माल्ट फिकट राहतो. दुसरी गोष्ट, झाटेत्स परिसरातील हॉप्स, म्हणजे भांगेच्या कुळातील एका वेलीची सुगंधी, कडू फुले. तिसरी, बव्हेरियातून आलेले यीस्ट. ते थंडीत, तळाशी राहून हळूहळू काम करते. चौथी गोष्ट पाण्याची, आणि सर्वांत महत्त्वाची तीच म्हणावी लागेल. प्लझेनचे पाणी विलक्षण मृदू आहे. क्षारयुक्त पाण्यात हॉप्सचा कडूपणा बोचरा होतो. येथे तो गोलाई घेऊन येतो.

शिजवण्याची रीतही वेळखाऊ आहे. माल्ट आणि पाण्याच्या मिश्रणाचा काही भाग काढून, खाली जाळ असलेल्या तांब्याच्या हंड्यात उकळतात आणि परत मिसळतात. हे तीन वेळा करतात. वेळ आणि इंधन दोन्ही जास्त लागत असल्याने अनेक कारखान्यांनी ही पद्धत सोडली. पण पावाच्या कडेसारखी खरपूस गोडी आणि गडद सोनेरी रंग त्याच उकळण्यातून येतो. चवीत लोण्यासारखी एक छटाही असते. इतर कारखाने तिला दोष मानून काढून टाकतात; येथे ती ओळख ठरली आहे. मद्यार्क ४.४ टक्के, म्हणजे भारतात भरपूर खपणाऱ्या ‘स्ट्राँग’ बिअरहून बराच कमी. कडूपणा मात्र मोजपट्टीवर ४० च्या आसपास; सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय लागरमध्ये तो याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी असतो. आधी गोडी, मागून कडूपणा आणि मग तोंड स्वच्छ होऊन दुसऱ्या घोटाची इच्छा : या बिअरचे आकर्षण या क्रमात आहे.

आपल्याकडे पेल्यात फेस दिसला की माप कमी पडल्याची शंका येते. प्लझेनमध्ये फेस हा बिअरचाच भाग. ‘ह्लादिंका’ या नेहमीच्या पद्धतीत आधी पेल्यात दाट, ओला फेस सोडतात आणि मग त्याखाली बिअर भरतात. फेसाच्या थराने बिअर हवेपासून वाचते. जवळजवळ सगळा पेला फेसाचाच असेल तर त्याला ‘म्लीको’, म्हणजे दूध, म्हणतात. ते एका दमात पितात.

१८६० च्या दशकाच्या आरंभी रेल्वेने प्लझेन बव्हेरिया आणि प्रागशी जोडले गेले आणि बिअर दूरवर पोहोचू लागली. नक्कल करणारेही वाढले; म्हणून १८९८ मध्ये ‘उर्केल’ हे नाव नोंदवले गेले. मात्र आयात बिअरचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. अंतर आणि उजेड हे तिचे शत्रू आहेत. प्रकाश पडला की हॉप्समधील द्रव्ये मोडतात आणि उग्र गंधकी वास सुटतो. तपकिरी काच त्याला बरीच अडवते, हिरवी फारशी नाही. हिरवी बाटली परदेशी रुबाबाची खूण ठरली, पण चवीचे तिने नुकसानच केले. चेक पबमध्ये टाकीतून येणारी, पाश्चरीकरण न केलेली ताजी बिअर चाखली की हा फरक कळतो.

प्लझेनमध्येच एमिल श्कोडा याने १८६९ मध्ये यंत्रकारखाना ताब्यात घेतला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळणाऱ्या श्कोडा गाड्यांचे नाव त्याच्यावरूनच आले आहे. बिअरच्या कारखान्याचे १९४६ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि २०१७ पासून तो जपानच्या असाही कंपनीकडे आहे. १९९० च्या दशकात लाकडी पिंपांची जागा पोलादी टाक्यांनी घेतली. तरीही थोडी बिअर आजही तळघरात ओकच्या पिंपांत आंबवून मुरवली जाते, नव्या टाकीतील चव जुन्या चवीशी ताडून पाहता यावी म्हणून. पिंपे दुरुस्त करणारे कारागीर कारखान्याने पदरी ठेवले आहेत आणि भेट देणाऱ्यांना तेथेच, गार तळघरात, न गाळलेली बिअर पिंपातून काढून देतात.